मामांचा केळीचा पाट

केळी खाणारी माणसं गावोगाव सापडतील, पण केळी सोडून उरलेल्या झाडावर जीव टाकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नायगावच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि त्यांनी घराचीच प्रयोगशाळा केली. कुणाकडे सत्यनारायण असला की मामा आरतीला सगळ्यांच्या पुढे. मात्र नजर देवावर नसायची, चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खुंटांवर असायची. लोक प्रसाद घेत असत तोवर खुंट मामांच्या स्कूटरवर चढलेले असत. घरी त्यांचा धागा काढायचा, कॉस्टिक सोड्यात उकळायचा, धुवून वाळवायचा, भंगारातल्या बादल्या वितळवून त्यात कालवायचा आणि फळ्या दाबायच्या. "सोड्यानं धाग्याचा चिकटा निघाला की प्लास्टिक त्याला सोडतच न्हाई," हे पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावं लागे. या फळ्यांची स्टुलं सगळ्या नातेवाइकांना मिळाली. आमच्या स्टुलावर आम्ही फक्त वर्तमानपत्र ठेवायचो.

आत्या त्या वासाला पार विटली होती. लेकीच्या लग्नात मामांनी मांडवाच्या दारातल्या केळी वऱ्हाड निघायच्या आधीच उतरवल्या आणि दिवाळसणाला जावयाला याच केळींच्या पाटावर आंघोळ घालायची, असं जाहीर केलं. आत्या म्हणाली, "घाला. पण पाट मोडला तर हे समदं दुकान त्याच दिवशी भंगारात."

मामा "हाव" म्हणाले. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता आणि धागा नीट वाळलाच नव्हता, पण दिवाळी थोडीच थांबते?

नरकचतुर्दशीला मी टॉवेल घेऊन न्हाणीपाशी उभा होतो. लातूरचे जावई अंगानं चांगलेच भरलेले. ते पाटावर टेकले, आत्यानं डोक्याला तेल लावलं आणि खालून कट् असा आवाज आला. जावयांनी हळूच सगळा भार पायांवर घेतला आणि आत्याकडे पाहिलं. मामा दारात डोळे गच्च मिटून उभे होते. आत्याचा हात क्षणभर थबकला.

"डोळे उघडा की," ती म्हणाली. "चांगला हाय तुमचा पाट."

मामांचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. जावयांनी सगळी आंघोळ अधांतरी बसून उरकली, वर पाटाची स्तुतीही केली. त्यानंतर मामांचं उकळणं कितीतरी वर्षं सुखानं चालू राहिलं.

आता मामा नाहीत. परवा आत्याकडे गेलो, तेव्हा न राहवून विचारलं, "मामांना शेवटपर्यंत कळलं नाही ना गं?"

"न कळाया काय झालं? त्याच दिवशी पाट उलटा करून तडा बघून राहिले व्हते. मी सैपाकघरातून बघितलं. ते काय बोलले न्हाईत, मी बी न्हाई."

मला त्या दोघांचा हेवा वाटला. आत्या म्हणाली, "दुसऱ्या दिवसापासून माझ्या आधी उठून चहा करून द्यायचे. लई गोड करायचे."