वीसपैकी शून्य

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नव्हती. मेंदूच्या लहरी वाचणं हे खरं तर ठिय्या मारून पडद्याकडे बघत राहायचं काम, आणि तेच तिनं हट्टानं मागून घेतलेलं. तिच्या घरी एक आत्या होती, जन्मापासून बोलता न येणारी. आत्याला काय हवंय याचे घरभर अंदाज चालायचे. पाणी का, पंखा का, उशी का? मान हलवून हलवून आत्या दमायची आणि शेवटी जे हातात देतील ते मुकाट घ्यायची. लहानग्या भिंगरीला त्याचा भयंकर राग यायचा. तो राग तिनं वाया जाऊ दिला नाही, एवढंच.

सध्या तिच्या लहरी वाचणाऱ्या टोपीखाली होते गणिताचे एक निवृत्त मास्तर. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्यांचं बोटही हलत नव्हतं, नजर कुठे ठरत नव्हती. नातेवाईकांनी त्यांना काही समजत नाही असं परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांची बायको, म्हणजे काकू, तेवढ्या रोज उशाशी बसून घरचंदारचं सगळं सांगत.

"जाऊबाई म्हणाल्या, भिंतीशी बोलतेस," काकूंनी एकदा टोपी लावता लावता भिंगरीला सांगितलं होतं. "तू एकदा बघ गं पोरी. भिंत असेल तर तसं सांग."

टोपीला आतून सेन्सर होते. 'हो' म्हणायचं तर उजवी मूठ आवळल्याची कल्पना करायची, 'नाही' म्हणायचं तर डावी. हात हलला नाही तरी मेंदूत लहर उठते, आणि ती ओळखून संगणक पडद्यावरचा चेंडू त्या बाजूला नेतो. निदान कागदावर तरी. मास्तरांचा चेंडू आजवर नुसताच मध्ये लुडबुडत होता. भिंगरीनं आठवडाभर खपून प्रोग्राम मुळापासून पुन्हा लिहिला होता, पण प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर कंटाळले होते. आज जमलं नाही तर टोपी दुसऱ्या पेशंटला, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

आणि आज चेंडू चक्क हलला. तुम्ही शिक्षक होता का? चेंडू डावीकडे, म्हणजे नाही. दोन आणि दोन पाच होतात का? हो. या तुमच्या बायको का? नाही. काकूंचा चेहरा उतरला. सरांनी शेवटपर्यंत मोजलं आणि चष्मा काढला.

"वीसपैकी शून्य. सोड आता."

भिंगरी अशी उठली की मागे खुर्ची आडवी झाली. "सर, अहो, नाणं उडवलं असतं तरी दहाएक बरोबर आली असती. वीसच्या वीस चुकवायची म्हणजे वीसच्या वीस माहीत असावी लागतात."

"तारा उलट्या लागल्या असतील."

"मास्तर," भिंगरी त्यांच्या कानाशी वाकली, "उत्तर नको. फक्त उजवी मूठ."

चेंडू उजवीकडे गेला. डावी म्हटल्यावर डावीकडे. तारा अगदी सरळ होत्या. तेवढ्यात काकू खुदकन हसल्या.

"यांना दोन आणि दोन विचारलंत? अगं, हे दार उघडून समोर उभे असताना कुणी 'घरीच आहात का' म्हटलं, तर 'नाही, बाहेर गेलोय' म्हणायचे. खुळचट प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही कधी."

सरांनी चष्मा परत चढवला. "मग तुम्हीच विचारा. आम्हाला उत्तर माहीत नसेल असं काहीतरी."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"अहो, मी रोज सांगत असते, ते ऐकू येतं का?"

उजवीकडे.

"सगळं?"

उजवीकडे.

भिंगरीला नाचावंसं वाटत होतं. तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. काकू मात्र आणखी पुढे वाकल्या.

"कंटाळा येतो का हो माझ्या बोलण्याचा?"

चेंडू उजवीकडे गेला, जराही न अडखळता. सर खिडकीबाहेर पाहू लागले. काकू हसल्या, पण हसता हसता त्यांचा आवाज बदलला.

"मग बंद करू?"

चेंडू डावीकडे सुटला आणि थेट पडद्याच्या कडेला जाऊन थांबला. संगणकानं पुढचा प्रश्न मागितला तरी तो तिथून हटेना.

"बरं, नाही करत," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि मास्तरांचा हात हातात घेतला. "मग ऐका. काल जाऊबाई आल्या होत्या..."