न निघालेला ड्रम

लग्नासाठी मला दाखवायला नांदगावला न्यायचं होतं आणि पप्पांना तिथे आपल्याच जुन्या गाडीतून उतरायचं होतं. मला जायचंच नव्हतं, पण ते मला कुणी विचारलं नव्हतं.

मागचं चाक घासत होतं, म्हणून एक नवशिका मेकॅनिक आला. आमची गल्ली उताराची. गाडी सरकू नये म्हणून पप्पांनी हँडब्रेक ओढला. चाक निघालं, ब्रेकचा ड्रम मात्र हातोड्यालाही दाद देईना.

शेजारचे काका म्हणाले, "दसऱ्याला हार घातला नव्हता ना? नारळ फोडा." पप्पांनी फोडला.

हँडब्रेक सोडल्याशिवाय ड्रम निघत नाही, असं गाडीच्या इंग्रजी पुस्तकात होतं. ते घरात फक्त मी वाचलेलं. मी सगळ्यांना चहा दिला.

ड्रम निघालाच नाही, तेव्हा दुपारी पप्पांनी नांदगावला येत नसल्याचं कळवलं. "इंग्रजी शाळेत घातलं हिला," ते काकांना म्हणाले, "पण गाडीतलं काही कळत नाही."

मी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.