ढगाआडून आलेली नात

हैदराबादहून विमानात बसताना मी मुलाला बजावलं, "मीनूला कळवू नकोस. एकदम समोर जाऊन उभी राहते." मीनू माझी नात, गोंदियाला विमान चालवायला शिकते. आता एकटीनं उडवायला लागली होती आणि परवाना अगदी हाताशी आला होता. शिवाय आमगावजवळ भावाच्या शेतात रोवणी (भाताची लावणी) चालू होती. मला दोन्ही बघायचं होतं.

खिडकी मी मागूनच घेतली होती. ढग फाटले की खाली पाण्यानं भरलेल्या बांध्या (भाताची खाचरं) चमकायच्या. शेजारचे तिरोड्याचे काका माझ्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाले, "तो पाहा आमचा चोरखमाऱ्याचा तलाव!" मी वाकले, तर तलाव राहिला बाजूला, समोर एक छोटं पांढरं विमान! शेपटीवरची अक्षरं वाचता येतील एवढं जवळ. ते झटकन तिरपं होऊन खाली गेलं आणि आमचं वर उसळलं. कोणी किंचाळलं, कोणी देवाला हाका मारल्या. काकांनी माझा हात धरला तो विमान जमिनीवर टेकेपर्यंत सोडला नाही. वर म्हणतात, "तुमी भेल्या होत्या ना बाई, म्हणून धरला."

सामान घेऊन बाहेर येते, तर दाराशी मीनू! गणवेशात, ओठ पांढरे पडलेले. तिच्या शिक्षिका तिला पाणी पाजत होत्या. मला पाहून ती थिजलीच.

"आजी, तू होतीस त्या विमानात?"

"होती ना. ते छोटं तुझं होतं काय वो?"

ती गळ्यात पडून रडली. शिक्षिका म्हणाल्या, "हिनं क्षणात वळवलं, म्हणून सगळे वाचले. पण चौकशी होईल. तोवर उड्डाण बंद."

"बंदच राहू दे," मीनू म्हणाली. "मी नाही बसणार आता."

तिला आमगावला घेऊन आले. भावजयीनं गरम भातावर लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. मी दोनदा घेतलं. मीनूनं नुसती बोटं फिरवली.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच बांधीत नेलं. आमच्याकडे रोवणीत एक रीत आहे. बाई चिखलात पडली तर तिला कोणी हात देत नाही आणि बांधावरही जाऊ देत नाही. पडली तिथंच उभं राहून एक पेंडी (रोपांची जुडी) लावायची, मग कुठं हलायचं. नाहीतर भीती पायात बसते म्हणतात. मीनू थोड्याच वेळात सपशेल आडवी! उठून निघाली बांधाकडे.

"तिकडं कायले जातेस वो?" भावजय ओरडली. "लाव पेंडी!"

"मामीआजी, कपडे बघा ना माझे!"

"मंग? विमानातून उतरलीस का डोलीतून?"

साऱ्या जणी खिदळल्या. मीनूनं रागारागानं पेंडी घेतली. ओळ अशी वाकडी लावली की विचारू नका. पण संपवली, आणि शेवटचं रोप खोवताना स्वतःच हसत सुटली. घरी येताना म्हणाली, "आजी, परवानगी मिळाली की पहिल्याच दिवशी बसते."

रोवणी आटोपता आटोपता शिक्षिकांचा फोन आला. चौकशीत निघालं, मीनू ठरल्या उंचीवरच होती, वळवलंही बरोबर. म्हणाल्या, ये उद्यापासून!

इकडे मुलगा फोनवर काकुळतीला आलेला, "आई, रेल्वेनं ये." मी म्हटलं, पोरगी एकटी वर जाते आणि मी खाली रुळावरून जाऊ? विमानाचंच तिकीट काढायला लावलं. निघायच्या सकाळी मीनूही उडणार होती.

आमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन थांबलं. एवढं अवाढव्य, माणसांनी भरलेलं, मुकाट उभं. मागून एक तरुण करवादला, "काऊन थांबून राहिला बे हा?"

मी खिडकीला नाक लावलं. ढगाखालून ते पांढरं विमान आलं, सरळ रेषेत, जराही न डगमगता. चाकं अशी टेकली जशी झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं. मी मागं वळून म्हटलं,

"थांब ना गा भाऊ. माझी नात उतरून राहिली!"