झेरॉक्स काढलेली कमजोरी

माझ्या मुलीची कमजोरी काय, हे मला चार झेरॉक्स पानांवरून कळलं. यवतमाळच्या एका क्लासच्या सरांनी ती पानं दिली होती, आणि वर्गातल्या सगळ्या पोरापोरींना तीच. "काम हातात घेतलं की मला वेळेचं भान राहत नाही, हीच माझी कमजोरी." ती गच्चीवर फेऱ्या मारत हे पाठ करायची आणि खाली बसून ऐकताना माझ्या तोंडाला कडू पाणी सुटायचं.

तिच्या दोन मुलाखती हुकल्या होत्या. ही तिसरी, यवतमाळच्याच एका फायनान्स कंपनीच्या शाखेतली. आमच्यात सौदा ठरला होता. या खेपेला जमलं नाही, तर तिनं आर्णीत माझ्या दुकानात बसायचं. सौदा मीच मांडला होता. तिनं एका दमात हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी क्लास लावला. म्हणजे माझ्या दुकानातून सुटायचे धडे ती परक्या माणसाकडून घेत होती. ते मी अजून विसरलेलो नाही.

मी पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली. आता जुन्या मोटरसायकली घेतो, विकतो. या धंद्यातली एक रीत मला बेअब्रू होऊन कळली. सुरुवातीला एका गाडीची खोड मी लपवली. गिऱ्हाइकानं आठवड्यात ती परत आणली, बाजाराच्या दिवशी माझ्या दारासमोर आडवी लावली आणि दिवस मावळेपर्यंत तिच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी कीर्ती सांगितली. तेव्हापासून गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आत मी एक खोड स्वतःच सांगतो. मागचा शॉकप गेला आहे. थंडीत दहा किका माराव्या लागतात. खरी खोड ऐकली की पुढचं तो विश्वासानं ऐकतो. "या गाडीत दोष एकच, फार पळते," असं कोणी म्हटलं, तर आमच्याकडचा माणूस चहा न पिता उठून जाईल.

म्हणून एका रविवारी मीच साहेब होऊन बसलो.

"तुमची कमजोरी सांगा."

तिनं पानातलं उत्तर म्हटलं.

"हे खोटं हाये. मोबाइल पाहून राह्यली असते, तवा तुले वेळेचं भान रायत नाई. कामाचं नको सांगू."

"बाबा, सगळे असंच सांगतात."

"सगळे सांगतात म्हणून तर कोणी आयकत नाई. खरी खोड सांग एक. सांग ना!"

माझा आवाज चढला होता. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "कोणी आवाज चढवला की मले काहीच सुचत नाई. डोकं बंद पडते."

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "कोणाच्या आवाजानं, थे बी सांगून टाक एकदाचं."

मी आवाज खाली आणला. "हेच सांग साहेबाले."

"हे सांगू? मंग मले ठेवीन कोण?"

उत्तर द्यायच्या आधीच माझी नजर दुसऱ्या पानावर पडली. 'वडील काय करतात' याच्यापुढे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऑटोमोबाइल क्षेत्रात कार्यरत'.

"हे कोणाचे वडील?"

"सरांनी सांगतलं तसं लिहाले."

"माया दुकानावर एवढा मोठा बोर्ड हाये, 'जुन्या गाड्या मिळतील'. लाज वाटते का त्याची?"

पान मी चुरगाळून फेकलं. तिनं ते उचललं, मांडीवर ठेवून सरळ केलं आणि गच्चीवर निघून गेली.

मुलाखतीला मीच तिला गाडीवर नेलं आणि समोरच्या टपरीवर बसलो. आत जाणारा प्रत्येक जण ओठ हलवत होता, आणि सगळ्यांचे ओठ सारखेच हलत होते. तासाभरानं ती बाहेर आली. कमजोरी पानातलीच सांगितली होती. साहेबांनी मान डोलावून ती फॉर्मवर लिहून घेतली म्हणे. चार दिवसांनी फोन आला. नोकरी लागली.

सौदा हरलो आणि पेढेही मीच वाटले. क्लासच्या सरांनी दारावरच्या फ्लेक्सवर तिचा फोटो लावला. वर स्वतःचा, तिच्या दुप्पट.

महिनाभरात त्या उत्तराचं पुढचं समजलं. ऑफिस सहाला सुटायचं. मुलाखत घेतलेले तेच साहेब पावणेसहाला फायली आणून ठेवायचे. ती उठली की म्हणायचे, "अहो, तुम्हीच सांगितलं होतं ना, वेळेचं भान राहत नाही म्हणून? मग सहा वाजलेले बरे कळतात?" बाकीचे हसायचे. ही खाली बसायची.

त्या साहेबाची मला किळस आली. उत्तर खोटं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी कित्येकांच्या तोंडून त्यानं तेच ऐकलं असणार. खोटं आहे हे ओळखूनच त्यानं ते जपून ठेवलं, पुढं कामाला येईल म्हणून.

"उद्या येतो मी तुया हाफिसात," मी म्हणालो.

"तुमी याचं नाई. तुमी आले तर माई नोकरी गेली समजा. मंग बसन मी दुकानात. तेच पाहिजे ना तुमाले?"

तेच हवं होतं मला, आणि ते तिला कळत होतं.

तिनं चपला काढून कोपऱ्यात लावल्या. मग म्हणाली, "तुमी साहेब व्हा. ते बोलतात तसं बोला. पण वरडून."

मी उभा राहिलो आणि साहेबाचं वाक्य ओरडलो. ती फरशीकडे पाहत गोठून गेली. पुन्हा ओरडलो. वाक्य साहेबाचं होतं, पण ते माझ्या तोंडात असं बसलं की जणू वर्षानुवर्षं मीच म्हणत आलो आहे. बोट आपोआप वर गेलं. त्या माणसाबद्दल वाटणारी शिसारी मला माझ्याबद्दल वाटू लागली.

"पुरे," मी म्हणालो.

"पुरे नाई. अजून."

पाचव्या की सहाव्या वेळी, नजर फरशीवरच ठेवून पण न अडखळता, ती म्हणाली, "साहेब, ते उत्तर मी क्लासमध्ये पाठ केलं होतं. उरलेलं काम सकाळी करते. सहा वाजले, मी निघते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं साडेसहाची आर्णीची बस धरली. घरी आल्यावर मी विचारलं, साहेब काय म्हणाले?

"वरडले," ती म्हणाली. "पण तुमच्याएवढं जमत नाई त्यायले."