पापलेटाच्या पिशवीतली बाटली

फिंतासपासून फहाहीलपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं जायची वाट आख्ख्या मराठी मंडळात एकट्या रत्नमालाबाईंना ठाऊक होती. कुवेतच्या इस्पितळात चार वर्षं नर्स, सुट्टी शुक्रवारची, आणि माणूस मूळचं देवगडचं. समुद्र जवळ असताना पाय खोलीत ठरतात होय? पाय रुतणारा खारट चिखल कुठं, ताजी मासळी कुठल्या होडीला, सगळं तोंडपाठ. म्हणून अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत मंडळाची पायी सहल निघाली तेव्हा वाट दाखवायला त्या हव्या होत्या. त्यांची मासळी मात्र नको होती.

"वास सहन होत नाही हो सिस्टर," चिटणीस लक्ष्मीकांत म्हणाले. हे पुण्याचे, अहमदीच्या तेलकंपनीत इंजिनिअर. "घ्यायचीच तर घ्या, पण चालताना जरा लांब राहा."

वाट दाखवणारीनं म्हणे लांब राहायचं. बाईंनी ऐकून घेतलं, कारण त्यांचा जीव दुसरीकडं अडकला होता. नवरा गेल्यापासून त्यांची आठ वर्षांची लेक प्रभा देवगडला आजीकडं होती. तिच्या व्हिसाचे कागद दोन वर्षं या खिडकीतून त्या खिडकीत फिरून आता शेवटच्या शिक्क्यापाशी आले होते. पोर येईपर्यंत कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं.

आणि हे सोवळ्याचा तोरा मिरवणारे लक्ष्मीकांत काय करत होते, सांगू? जिथं दारूचा थेंब सापडला तरी माणसाला तुरुंगात घालतात आणि मग देशाबाहेर काढतात, तिथं न्हाणीघरात द्राक्षाचा रस आंबवून वाइन गाळत होते. सहलीलाही एक बाटली टॉवेलात गुंडाळून आणली होती. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

वाटेत बाईंनी एका होडीवरून चार पापलेटं घेतली, पिशवी वाळूत ठेवली आणि हात धुवायला पाण्याकडं गेल्या. तेवढ्यात पोलिसांची जीप आली. एक पोलीस उतरून एकेकाच्या पिशव्या बघू लागला. बाई घाईनं परतल्या, पिशवी उचलली तर ती जड लागली. आत पाहिलं. पापलेटांखाली बाटलीची मान.

पोलीस समोर उभा. "समक," बाई म्हणाल्या, म्हणजे मासे, आणि वरचं पापलेट शेपटीला धरून त्याच्यापुढं केलं. तो हसला, चांगला आहे म्हणाला आणि निघून गेला.

जीप दिसेनाशी झाल्यावर लक्ष्मीकांत हसत आले. "काय डोकं चाललं बघा माझं. तुमच्या त्या पिशवीत कोण हात घालणार?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बाटली काढली, बूच उपटलं आणि सगळी वाइन वाळूत ओतली.

"अहो, एवढं चिडायला झालं काय?" लक्ष्मीकांत म्हणाले.

"झालं नाही म्हणून हसताय. मी तुरुंगात गेले असते, अन् माझ्या पोरीचा व्हिसा कायमचा बुडाला असता. आणि त्यानं बाटली काढली असती, तर तुम्ही सगळे म्हणाला असतात, ही बाई आमच्यातली नाही."

मंडळाची वीस माणसं तिथं उभी होती. 'आम्ही असं म्हटलं नसतं', एवढं बोलायला एकाचंही तोंड उघडलं नाही.