बिनकामाची पायरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — कुणास ठाऊक.

नुसरत आणि मी इंजिनिअरिंगला एका बाकावर बसायचो. तिच्या मामांनी फार पूर्वी दुबईहून आणलेलं, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र रोशन गेटजवळच्या त्यांच्या घरात अजून चालत होतं. ते बंद पडायच्या आत हुबेहूब त्याच्यासारखा वागणारा प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर, संगणकासाठी लिहायचा, हे खूळ तिचं. मी त्यात पडले ती निव्वळ भोचकपणामुळे.

ही चोरी तर होणार नाही ना, हे तिनं आधी वाचून काढलं. तिला समजलं ते असं — यंत्र काय करतं ते बाहेरून बघून आपल्या डोक्यानं लिहिलं, तर ते आपलं. कंपनीनं चिपमध्ये भरलेला प्रोग्राम उतरवून काढला, तर ती चोरी. किती बारीक रेघ, नाही का? त्या रेघेपलीकडं काय असेल, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हाच शिरला.

मग आमची रीत ठरली. मी खेळायचं, बघायचं, दिसेल ते तोंडी सांगायचं. तिनं टीव्हीकडं पाठ करून ऐकायचं आणि लिहायचं. चिपच्या आत दोघींनीही डोकवायचं नाही. "तू माझे डोळे हायेस, वर्षा," ती म्हणायची.

घोड्यांच्या शर्यतीच्या गेमपाशी आम्ही अडलो. आमच्या प्रोग्रामवर घोडा दुसऱ्या फेरीला जागीच थिजायचा. मूळ यंत्र तिथं नेमकं काय करतं, ते मला बघून बघून कळेना. आणि मग — चिपमधून कुणीतरी उतरवलेला कंपनीचा प्रोग्राम नेटवर पडलेला होता. मी तो घरी उघडला.

घोडा पळावा म्हणून उघडला, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला आत बघायचं होतं, एवढंच. तिथं एक पायरी चक्क बिनकामाची होती. एक आकडा उचलायचा, बाजूला ठेवायचा, पुन्हा जागच्या जागी आणायचा. कुणी लिहिली असेल? का? मला आजही ते जाणून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी नुसरतला मी सगळं सांगितलं — बघून कळल्यासारखं. ती बिनकामाची पायरीसुद्धा. न जाणो, त्या पायरीमुळंच घोडा पळत असेल. घोडा पळाला. नुसरतनं मला मिठी मारली.

तिनं प्रोग्राम नेटवर सगळ्यांसाठी खुला केला आणि वर लिहिलं, यात कंपनीची एक ओळही नाही. काही महिन्यांनी कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. इम्युलेटर लिहिला म्हणून नाही; त्यांनी बोट ठेवलं होतं त्या एका पायरीवर. जी बाहेरून दिसूच शकत नाही, ती बाहेरून बघून कशी लिहिली? नेटवर तिला उस्ताद म्हणणारे लोक तिला चोर म्हणू लागले.

तिनं मला एकदाच विचारलं, "तू आत बघितलं नव्हतं ना?"

"नाय," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मग मीच कुठंतरी बघितलं असंल गं. याद नाय राहिलं. तू कशाला खोटं बोलशील?"

मला वाटलं होतं, ती चिडेल, माझ्यावर संशय घेईल. ती स्वतःवरच घेईल, हे मला सुचलंच नव्हतं. आणि सुचल्यावर तरी मी काय केलं? तिनं सगळं काढून टाकलं, जाहीर माफी मागितली आणि प्रोग्राम लिहिणं कायमचं सोडलं.

आता ती शाळेत गणित शिकवते. गेल्या दिवाळीत फराळाला आली, तेव्हा माझी मुलगी फोनवर असलाच एक जुना गेम खेळत होती. "मावशी, हे चोरीचं असतं का गं?" नुसरत खुलली. तिनं ती बारीक रेघ इतकी छान समजावली की मीही ऐकत राहिले. मग हसून म्हणाली, "पण माझ्यावर भरवसा ठेवू नको बेटा. मी एकदा चोरी केली, आन मला सोताला पत्ता नाय लागला."

मला लाज वाटली. मी तिच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.