अंगठा रिजेक्ट होऊ नये म्हणून

मोडलेलं हाड प्लास्टर घालून घरी पाठवता येतं. पायाची चिघळलेली जखम मात्र माणसाला महिनोन्‌महिने आमच्या दारात आणते. दिवसाआड पट्टी सोडायची, जखम धुवायची, पुन्हा बांधायची. आणि पट्टी सुटली की तोंडही सुटतं! थेरगावात डांगे चौकाजवळ आमचा दवाखाना. मॅडम डॉक्टर, मी सिस्टर. मॅडमना बोलायला वेळ नसतो, त्यामुळे किस्से सगळे माझ्याकडे साठतात.

*

शिंदेभाऊ चाकणच्या एका कंपनीत फिटर. पायाच्या शिरा फुगून नडगीला जखम झालेली आणि तिच्यातून सारखं पाणी सुटायचं. एकदा पट्टी सोडते तर आत पांढरी टेप, गरागरा गुंडाळलेली. नळाच्या आट्यांवर लावतात ती!

"भाऊ, हे काय?"

"टेफ्लॉन. लीकेज होतं ना!"

"अहो, तुम्ही माणूस आहात की पाइपलाइन?"

"राग नका मानू सिस्टर, पण काल एक थेंब बाहेर आला नाही!"

बाहेर कुठून येणार? सगळं आत तुंबून कातडी भिजून पांढरीफटक पडली होती. मी असं झापलं त्यांना की बाहेरच्या बाकावरचे पेशंटही सरळ बसले.

*

याच भाऊंना मॅडमनी सांगितलं, "कामावर जेवणाच्या सुट्टीत जरा आडवे व्हा आणि पाय छातीच्या वर ठेवा." पुढच्या खेपेला भाऊ तोंड पाडून आले.

"सुपरवायझर बोलला मला."

"का?"

"मी केबिनमध्ये फरशीवर आडवा, पाय त्याच्या टेबलावर."

"मग बोलणारच की!"

"तो आधी काही बोलला नाही हो. पण तेवढ्यात कस्टमरचं ऑडिट आत आलं!"

*

आता काळेकाका. आयुष्यभर कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर, मशीनवरून आलेला प्रत्येक जॉब मापून ओके नाहीतर रिजेक्ट करायचे, आता रिटायर. जुनी शुगर. उजव्या अंगठ्याखाली जखम, पण पाय बधिर, त्यामुळे दुखणं कळतच नाही. काका येताना खिशात व्हर्नियर, ती दोन जबड्यांची मापपट्टी, घेऊन यायचे! पट्टी सुटली की लगेच मापायला वाकायचे.

"काका, जखमेला लावलंत तर जप्त करीन!"

"लांबून बघतो गं. हा माझा शेवटचा जॉब. रिजेक्ट होऊ नये, एवढंच."

ते हसून म्हणायचे, पण भीती खरी होती. जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. तळव्यावर भार येऊ नये म्हणून खास मऊ सँडल करून दिली होती. काका प्रत्येक वेळी ती घालून यायचे, दाराशी व्यवस्थित काढून ठेवायचे. सँडल नवी कोरी आणि जखम जिथल्या तिथे!

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, आता फरक पडला नाही तर अंगठा काढावाच लागेल."

काकांनी त्या दिवशी काही मापलं नाही. व्हर्नियर खिशातच राहिला. मला फार वाईट वाटलं.

*

बाहेर काकांबरोबर आलेल्या काकू पदराने डोळे पुसत होत्या. काकू थेरगावच्याच, जुन्या घरातल्या.

"काकू, खरं सांगा. सँडल घालतात ना ते?"

"घालत्यात की! दारातनं निघताना घालत्यात, दारात आल्यावर काढत्यात."

"आणि घरात?"

"घरात?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "घरात देव हायेत, सिस्टर!"

रिटायर माणूस दिवसभर घरात, आणि दिवसभर अनवाणी! मॅडमनी समजावलं, मी हात जोडले.

काकू रडायला लागल्या. "मला त्यांचा अंगठा नको झालाय व्हय? पण देवाम्होरं पायताण कसं चालंल?"

*

पुढच्या खेपेला काकूंनी पिशवीतून सँडल काढून दाखवली, ती हळदकुंकवाने माखलेली! पट्ट्यात झेंडूची पाकळी अडकलेली.

"काकू, हे काय केलंत?"

"खंडेनवमीला ह्यांच्या कंपनीत मशीनला हार घालत्यात, हळदकुंकू वाहत्यात. मग मीबी पूजा केली. आता हे पायताण न्हाई, मशीन हाय! सैपाकघरात चालतं, देवाम्होरं चालतं!"

मॅडम हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. पण काका घरभर सँडल घालून फिरायला लागले आणि जखम खरंच आकसायला लागली. काका दर खेपेला माप घ्यायचे आणि शिंदेभाऊंना ओरडून सांगायचे, जणू क्रिकेटचा स्कोअर!

*

आणि परवा पट्टी सोडली, तर खाली गुलाबी, कोवळी, अखंड कातडी. काकांनी व्हर्नियर काढला, दोन्ही टोकं मिटवली आणि वर धरला.

"झिरो! जॉब ओके!"

काकू रडल्या, मी रडले, मॅडमनी पेढे मागवले. शिंदेभाऊ तर बाकावर पाय वर ठेवूनच टाळ्या वाजवत होते.

मॅडमनी दटावलं, "काका, कातडी अजून कच्ची आहे. सँडल सोडायची नाही हं!"

"छे छे! आता जन्मभर सोडत नाही!"

मी कौतुकाने म्हटलं, "थांबा काका, आज मीच घालते तुमच्या पायात." दाराशी गेले. सँडल नाही. रॅकमध्ये नाही, बाकाखाली नाही.

"काका, सँडल कुठंय?"

काका छताकडे बघायला लागले.

काकू पेढा खात शांतपणे म्हणाल्या, "घरी हाय. पूजा केलेली वस्तू, रस्त्यावर कशी घालू देऊ?"